हेपवर्थ, बार्बरा

(१० जानेवारी १९०३ – २० मे १९७५). इंग्लिश शिल्पकार. जन्म यॉर्कशरमधील वेकफील्ड येथे. शिक्षण लीड्स स्कूल ऑफ आर्ट व लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये; दोन्हीकडे शिल्पकार हेन्री मूर सहाध्यायी. १९२४ च्या रोम पारितोषिकात शिल्पकार जॉन स्कीपिंग पहिले, हेपवर्थ दुसऱ्या. पुढल्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये दोघांचा विवाह झाला. रोममध्ये जोव्हानी आर्दीनी या कसबी कारागिराकडे त्या संगमरवर कोरायला शिकल्या.

मातीत नमुना घडवायचा आणि दगडातले काम पाथरवटाच्या हाती सोपवायचे, हा तेव्हाचा प्रघात. हेपवर्थ यांनी तो मोडून थेट दगडावर छिन्नी धरली. १९३२ साली गुलाबी अलाबास्टरच्या एका शिल्पात त्यांनी आरपार भोक पाडले. ते शिल्प युद्धकाळात नष्ट झाले. शिल्पात असे भोक प्रथम पाडण्याचा मान त्यांचा की मूर यांचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

‘पेलागॉस’ (१९४६) हे एल्म लाकडातले शिल्प मात्र निर्विवाद श्रेष्ठ. शंखासारखा आत वळलेला आकार, बाहेरून लाकूड गुळगुळीत घासलेले, आतली पोकळी फिकट रंगवलेली आणि दोन टोकांमध्ये दोऱ्या ताणून बांधलेल्या. कॉर्नवॉलमधील घरातून दिसणाऱ्या सेंट आइव्हझच्या उपसागराशी त्याचे नाते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९५४-५५ चे ‘कोरिंथॉस’ नायजेरियाच्या ग्वारिया लाकडातले.

शिल्पांखेरीज त्यांनी काढलेली शस्त्रक्रियागृहातली रेखाचित्रे १९४७ – ४९ मधली. १९५६ पासून त्या ब्राँझमध्येही शिल्पे करू लागल्या. त्यामुळे मोठ्या मागण्या पुरवता आल्या. पण ओतकामात छिन्नीचा हात हरवतो. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारातील ‘सिंगल फॉर्म’ (१९६१ – ६४, उंची ६·४ मी.) हे विमान अपघातात मृत्यू पावलेले सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांचे स्मारक. त्याचा कडेचा आकार पाहावा, पृष्ठभाग नव्हे.

साऊँ पाउलू द्वैवार्षिकीचे महापारितोषिक (१९५९), डेम किताब (१९६५).

दुसरा विवाह चित्रकार बेन निकल्सन यांच्याशी (१९३८ – ५१). एकूण चार अपत्ये, त्यांपैकी तीन तिळी.

सेंट आइव्हझ येथील ट्रेविन स्टुडिओत आग लागून मृत्यू. १९७६ पासून तेथे संग्रहालय आहे. बागेत ब्राँझची शिल्पे आहेत. कोरण्याच्या खोलीत हत्यारे आणि अर्धवट घडवलेले दगड तसेच ठेवले आहेत.