हात, हवा आणि पिसू

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४६ साली बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुइणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बायका दगावल्या, दुसऱ्यात तिघींहूनही कमी. हे आकडे गावातल्या बायकांना ठाऊक नव्हते, पण फरक ठाऊक होता. भरतीला पहिल्या विभागाचा वार आला की त्या गुडघे टेकून दुसरीकडे पाठवण्यासाठी विनवण्या करत.

तिथला तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस या फरकानं हैराण झाला होता. १८४७च्या मार्चमध्ये त्याचा मित्र याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी त्याला लागली होती, आणि त्याच्या प्रेतात ज्या खुणा सापडल्या त्या बाळंतिणींच्या प्रेतांसारख्याच होत्या. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी आधी प्रेतं फाडायचे आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासायचे. साबण लावूनही त्या हातांचा वास जात नसे. मग वास मारणारी पूड, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरचीच जात, पाण्यात कालवून त्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागात १८ टक्के बायका गेल्या होत्या. मे महिन्यात हा नियम आला आणि जुलैत आकडा सव्वा टक्क्यावर उतरला.

पुढे त्याची नोकरी टिकली नाही, लिखाणाची टिंगल झाली, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून तो गेला. मला याचं फारसं नवल वाटत नाही. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. "सर, स्क्रब पुन्हा करा, कोपर नळाला लागलं," हे मोठ्या सर्जनला सांगताना जीभ किती जड होते ते मला माहीत आहे. सेमेलवाइस तर साऱ्या बड्यांना सांगत होता की तुमच्याच हातानं बायका मरताहेत. जंतू काय असतो हे त्यालाही कळलेलं नव्हतं. आजार कुठल्या वाटेनं येतो एवढं मात्र त्यानं बरोबर हेरलं होतं, आणि तेवढंच पुरलं.

वाट चुकली की काय होतं, ते आपल्या मुंबईनं पाहिलं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. घाणीतून आणि कोंदट हवेतून रोग पसरतो हा तेव्हाचा पक्का समज. त्यामुळे गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं, भिंतींना चुना फासला, कौलं काढून घरात ऊन आणलं, अंथरुणं जाळली. पुण्यात हेच काम गोरे सोल्जर घराघरांत घुसून करू लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याला गोळी घालण्यात झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. कार्बोलिकची पिंपंच्या पिंपं रिकामी झाली, प्लेग मात्र वर्षानुवर्षं फिरून येत राहिला.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीत दाखवलं की उंदरावरची पिसू हा रोग नेते. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशननं याची खातरजमा केली. त्यातला एक प्रयोग मी नर्सिंगच्या मुलींना नेहमी सांगायची. प्लेगच्या पिसवा असलेल्या एकाच खोलीत काही गिनी पिग जमिनीवर ठेवले आणि काही पिसवेची उडी पोचणार नाही इतके उंच टांगले. हवा दोघांना एकच. खालचे आजारी पडले, वरचे वाचले. या प्लेगपुढे मास्क काय करणार होता आणि हात धुऊन काय साधणार होतं?

मास्क तेव्हा नुकताच जन्मला होता. १८९७ साली ब्रेस्लाऊ शहरात कार्ल फ्लुगे यांनी दाखवलं की साधं बोलतानासुद्धा तोंडातून जंतू असलेले बारीक थेंब उडतात. त्याच शहरातले सर्जन योहान मिकुलिच तोंडाला गॉझ बांधून ऑपरेशन करू लागले. तो मास्क रोग्याला डॉक्टरपासून वाचवण्यासाठी होता. आमच्या लिनन रूममध्ये शिवलेले, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्ह केलेले चार बंदांचे मास्क त्याच घराण्यातले.

मास्कची दिशा फिरवली ती डॉ. वू लिएन-तेह यांनी. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, एकतीस वर्षांचे वू डिसेंबर १९१०मध्ये मांचुरियातल्या हार्बिनला पोचले. खोकल्यातून रक्त पडून माणसं दोन-तीन दिवसांत मरत होती. तोवर जगानं मुंबईचा धडा पाठ केला होता, त्यामुळे तिथेही उंदीर पकडून चिरले जात होते. उंदरांत काही सापडेना. वू यांनी एका मृत बाईचं शवविच्छेदन गुपचूप केलं आणि ठरवलं की हा प्लेग फुफ्फुसाचा आहे, माणसाकडून माणसाकडे थेट श्वासातून जातो.

त्यांचा मास्क पाहण्यासारखा होता. नऊ इंच रुंद गॉझची तीनेक फूट लांब पट्टी, तिच्या घडीत कापसाची जाड वडी. दोन्ही टोकं उभी फाडून बंद करायचे आणि डोक्यामागे वर-खाली आवळून बांधायचे. शिवण नाही, मशीन नाही. मी एकदा तसा करून पाहिला. गालाला बरोबर बसतो, फक्त कापसातून श्वास ओढायला कष्ट पडतात. जेराल्ड मेस्नी हे वयानं मोठे फ्रेंच प्राध्यापक तिथे आले. या तरुण चिनी डॉक्टरचं म्हणणं त्यांनी धुडकावलं, मास्क न बांधता रोगी तपासले आणि ११ जानेवारी १९११ला ते स्वतः प्लेगनं मेले. त्यानंतर मास्क कुणाला समजावून सांगावा लागला नाही. अर्थात एकटा मास्क पुरला नाही. संशयितांना मालगाडीच्या डब्यांत वेगळं ठेवलं, रेल्वेप्रवास रोखला, दोन हजारांवर प्रेतं चीनच्या बादशहाच्या परवानगीनं जाळली. सुमारे साठ हजार माणसं गेली, पण मार्च उजाडता हार्बिनमधली साथ थांबली.

आठ वर्षांनी फ्लूच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोनं मास्क कायद्यानं सक्तीचा केला. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यानं नंतर तपासलं तेव्हा फारसा फरक दिसला नाही. विरळ गॉझ, सैल बांधणी, आणि चारचौघांत लावलेला मास्क घरी किंवा कचेरीत उतरलेला. वाट बरोबर ओळखली होती, ती बुजवली मात्र अर्धवट.

सॅनिटायझरची कथा उलटी आहे. हात धुवावेत हे विसाव्या शतकात सगळ्यांना पाठ होतं, पण धुत कोण होतं? आयसीयूत एका सिस्टरकडे चार बेड असले की प्रत्येक रोग्यानंतर बेसिनपर्यंत जाऊन नीट हात धुवायला वेळच नसतो. हा आळस नव्हे, हिशेब आहे. जिनिव्हाच्या इस्पितळात डिडिये पिटे यांनी हा हिशेब मांडला आणि अल्कोहोलचं द्रावण थेट पलंगाशी आणलं. चार वर्षांत तिथे हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि इस्पितळात लागणारे संसर्ग जवळपास १७वरून १० टक्क्यांवर आले. त्या द्रावणात मुद्दाम पाणी असतं. निव्वळ स्पिरिट झटकन उडून जातं. साठ ते ऐंशी टक्के अल्कोहोल जंतूची प्रथिनं जास्त चांगली मोडतं. हात चिखला-तेलानं माखलेले असतील तर मात्र त्याचा उपयोग नाही.

२०२०मध्ये साखर कारखाने सॅनिटायझर बनवू लागले आणि आमच्या सोसायटीत लोक भाजीची पिशवी, लिफ्टचं बटण, वर्तमानपत्रही पुसत बसले. काही गावांत माणसांवर हायपोक्लोराइटचे फवारे मारले. केंद्र सरकारला तसं करू नका म्हणून सांगावं लागलं. मला कार्बोलिकची पिंपं आठवली. कोविडची मुख्य वाट बंद खोलीतली हवा होती. हात घासघासून सोलवटलेली माणसं नाकाखाली मास्क ओढून एसी लावलेल्या हॉलमधल्या लग्नाला जात होती.

म्हणून शेजारपाजारचे विचारतात तेव्हा मी आधी आजाराचं नाव विचारते. टीबी असेल तर रोग्याला मास्क, खिडक्या उघड्या आणि गोळ्यांचा कोर्स पुरा. उलट्या-जुलाब असतील तर साबण आणि वाहतं पाणी, कारण पोटाचे काही विषाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. डेंगी असेल तर पिंपाचं झाकण आणि मच्छरदाणी. हे तिन्ही आजार एकाच चाळीत, एकाच पावसाळ्यात असू शकतात, आणि तिघांना एक बाटली पुरत नाही.