टॉल्किनच्या कल्पित भाषा

इंग्रज भाषाशास्त्रज्ञ व कथाकार जॉन रॉनल्ड रूएल टॉल्किन (३ जानेवारी १८९२–२ सप्टेंबर १९७३) याने आपल्या साहित्यातील ‘मिडल-अर्थ’ ह्या काल्पनिक जगासाठी रचलेल्या भाषा. त्यांपैकी क्वेन्या आणि सिंडारिन ह्या ‘एल्फ’ नावाच्या अमर, मानवसदृश वंशाच्या दोन भाषा सर्वांत अधिक विकसित आहेत. नवे शब्द व व्याकरणाचे नियम तयार करून टॉल्किन थांबला नाही. त्याने ह्या भाषांना समान पूर्वज, ध्वनिपरिवर्तनाचे नियम, बोलीभेद आणि त्या बोलणाऱ्या लोकांचा इतिहास दिला. कल्पित भाषांच्या परंपरेत त्याचे वेगळेपण ह्या ऐतिहासिक दृष्टीत आहे.

पूर्वपीठिका : काल्पनिक देशाचे वर्णन करताना तेथील भाषेचा नमुना देण्याची प्रथा यूरोपीय साहित्यात जुनी आहे. टॉमस मोरच्या यूटोपिया (१५१६) ह्या ग्रंथासोबत यूटोपियाची लिपी आणि तेथील भाषेतील चार ओळींचे पद्य छापले होते. जॉनाथन स्विफ्टच्या गलिव्हर्स ट्रॅव्हल्समध्येही (१७२६) निरनिराळ्या कल्पित लोकांचे शब्द व वाक्ये आढळतात. अशा भाषांचे कार्य कथेला खरेपणाचा आभास देण्यापुरतेच होते. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी व्होलाप्यूक व एस्पेरांतो (१८८७) ह्या कृत्रिम भाषा निर्माण झाल्या. त्यांत सुलभता व नियमितता ह्यांना महत्त्व होते. अनियमित रूपे हा दोष मानला जाई. टॉल्किनने ह्या दोहोंहून वेगळी वाट धरली. खऱ्या भाषेतील अनियमितता ही तिच्या भूतकाळाची खूण असते, हे तो आपल्या व्यवसायामुळे जाणून होता.

आरंभ : टॉल्किनचा जन्म दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला, बालपण व शालेय शिक्षण मुख्यतः बर्मिंगहॅम व त्याच्या परिसरात झाले. लॅटिन, फ्रेंच व जर्मन ह्यांचे पहिले धडे त्याला आईकडून मिळाले. लहानपणी त्याने नात्यातील मुलांबरोबर खेळातल्या गुप्त भाषा वापरल्या आणि पुढे स्पॅनिश वळणाची ‘नाफारिन’ ही स्वतःची भाषा रचली. शाळेत असताना जोसेफ राइट याचे गॉथिक भाषेवरील प्राथमिक पुस्तक त्याच्या हाती आले. नष्ट झालेल्या भाषेचे उरलेले अवशेष आणि त्यांवरून तिचे हरवलेले शब्द सिद्ध करण्याची पद्धती ह्यांचे त्याला विलक्षण आकर्षण वाटले. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात आल्यावर (१९११) तेथील ग्रंथालयात त्याला फिनिश भाषेचे एक व्याकरण सापडले. त्या भाषेच्या नादाचा त्याच्या कल्पनेवर खोल परिणाम झाला.

‘क्वेन्या’चा पहिला कोश व ध्वनिविचार त्याने १९१५ च्या सुमारास लिहावयास घेतला. पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत (१९१६) तो होता. खंदकज्वराने आजारी पडल्यामुळे तो इंग्लंडला परतला. त्या आजारपणात व त्यानंतरच्या काळात त्याने एल्फांच्या पहिल्या कथा लिहिल्या. १९१७ मध्ये त्यांच्या दुसऱ्या भाषेचा कोशही सुरू केला. भाषा आणि पुराणकथा अशा प्रकारे एकत्रच वाढू लागल्या. कथा ही भाषांना जग मिळावे म्हणून आली, कथेसाठी भाषा आली नाही, असे त्याने पुढे आपल्या पत्रव्यवहारात स्पष्ट केले आहे.

क्वेन्या : मिडल-अर्थमध्ये ही प्रामुख्याने विद्या, विधी व काव्य ह्यांची भाषा असून टॉल्किनने तिची तुलना लॅटिनशी केली आहे. नाद व रचना ह्यांवर फिनिशचा ठसा दिसतो. संबंध मुख्यतः प्रत्ययांनी दाखविले जातात : ‘किर्या’ म्हणजे जहाज, ‘किर्यान्ना’ जहाजाकडे, ‘किर्याल्लो’ जहाजापासून आणि ‘किर्यास्से’ जहाजावर. विभक्तिप्रत्ययांची सवय असलेल्या मराठी वाचकास ही रचना परकी वाटणार नाही. मराठीत ‘आपण’ व ‘आम्ही’ ह्यांत जो भेद आहे, तोही क्वेन्यात आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ ह्यांसाठी वेगळे प्रत्यय येतात. इंग्रजीत हा भेद नाही.

सिंडारिन : ही एल्फांच्या नित्य व्यवहाराची भाषा. तिचा नाद टॉल्किनने वेल्श भाषेच्या धर्तीवर घडविला. अनेकवचन पुष्कळदा अंतर्गत स्वर बदलून होते (‘आमोन’ – टेकडी, ‘एमिन’ – टेकड्या) आणि विशिष्ट शब्दांनंतर पुढील शब्दाचे आद्य व्यंजन बदलते. क्वेन्या व सिंडारिन ह्यांचे नाते नियमबद्ध आहे. मूळ भाषेतील ‘क्व’ क्वेन्यात टिकतो, सिंडारिनमध्ये त्याचा ‘प’ होतो. म्हणून ‘शब्द’ ह्या अर्थी क्वेन्यात ‘क्वेत्ता’ तर सिंडारिनमध्ये ‘पेथ’. लॅटिन ‘क्वात्तुओर’ आणि वेल्श ‘पेद्वार’ (चार) ह्यांत असाच संबंध दिसतो. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात टॉल्किनने मूळ धातू व त्यांपासून निघालेली विविध भाषांतील रूपे ह्यांचा कोश तयार केला. तो द लॉस्ट रोड ह्या खंडात १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्या भाषेचा इतिहासही टॉल्किनने बदलला. प्रारंभी ती समुद्रापलीकडून परतलेल्या ‘नोल्डोर’ लोकांची भाषा होती व तिला ‘नोल्डोरिन’ असे नाव होते. १९५० च्या आसपास त्याने तिचा नाद बव्हंशी तसाच ठेवला, पण ती समुद्रापलीकडे कधीच न गेलेल्या ‘सिंडार’ लोकांची ठरविली. दोन भाषांतील अंतरास पुरेसा दीर्घ वियोगकाळ त्यामुळे लाभला. भाषेचा खुलासा व्हावा म्हणून लोकांचा इतिहास नव्याने लिहिण्याचे हे उदाहरण त्याची कार्यपद्धती स्पष्ट करते.

इतर भाषा व लिपी : बटूंची ‘खुझदुल’ ही भाषा सेमिटिक भाषांप्रमाणे व्यंजनी धातूंवर आधारलेली आहे. ‘टेंगवार’ ह्या लिपीतील २४ प्रमुख अक्षरे उच्चारस्थान व उच्चारपद्धती ह्यांनुसार मांडलेली असून स्वर बहुधा व्यंजनावर खुणा देऊन दाखवितात. देवनागरीतील वर्ग व मात्रा ह्यांची येथे आठवण होते. मात्र टेंगवारमध्ये एका गटातील अक्षरांचे आकारही पद्धतशीरपणे परस्परसदृश आहेत.

टॉल्किनची भूमिका : १९३१ मधील एका व्याख्यानात (ते पुढे ‘अ सीक्रेट व्हाइस’ ह्या शीर्षकाने प्रसिद्ध झाले) त्याने आपल्या ह्या छंदाची प्रथमच जाहीर कबुली दिली. भाषेची परिपूर्ण रचना करावयाची, तर तिच्यासोबत पुराणकथाही रचावी लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. १९३२ मध्ये एस्पेरांतोला पाठिंबा देणाऱ्या टॉल्किनने १९५६ मधील एका पत्रात मात्र, दंतकथांच्या अभावी ती मृत आहे, असे मत व्यक्त केले. एस्पेरांतोत मौलिक साहित्य निर्माण झाले असल्याने हे मत पूर्णतः न्याय्य म्हणता येत नाही. पण त्याच्या स्वतःच्या निर्मितीमागील तत्त्व त्यातून कळते.

उत्तरकाल : द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) ह्या कादंबरीच्या परिशिष्टांमुळे ह्या भाषा वाचकांसमोर आल्या. प्रकाशनानंतरही त्यांचा कर्ता त्या बदलत राहिला. पुढील सुधारित आवृत्तीत ‘आपल्या भेटीच्या’ ह्या अर्थाच्या शब्दाचा शेवट त्याने ‘-ल्मो’ ऐवजी ‘-ल्वो’ असा केला. कोणत्याही भाषेचे अंतिम व संपूर्ण व्याकरण त्याने प्रसिद्ध केले नाही. त्याच्या मृत्यूनंतर पुत्र क्रिस्टोफर (१९२४–२०२०) याने संपादिलेल्या ग्रंथांतून व अभ्यासकांच्या नियतकालिकांतून मूळ टिपणे प्रकाशात आली. ती परस्परांशी सर्वत्र जुळत नाहीत. पीटर जॅक्सन याच्या चित्रपटांसाठी (२००१–०३) उपलब्ध सामग्रीवरून नवे संवाद रचण्यात आले. अशा नव्या रूपांना टॉल्किनची भाषा म्हणावे काय, ह्याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते वापराशिवाय भाषा जिवंत राहत नाही. दुसऱ्याच्या मते कर्त्याच्या पाठोपाठच्या आराखड्यांतील इतिहास हाच अभ्यासाचा खरा विषय होय.

टॉल्किननंतर चित्रपट व दूरचित्रवाणी ह्यांसाठी व्यावसायिक भाषातज्ज्ञांकडून भाषा रचून घेण्याची पद्धत रूढ झाली. मार्क ओक्रँडची क्लिंगॉन (कोश १९८५), पॉल फ्रॉमरची नावी (२००९) व डेव्हिड पीटरसनची डोथ्राकी (२०११) ह्या त्यांपैकी प्रमुख होत. भारतात बाहुबली (२०१५) ह्या चित्रपटासाठी तमिळ गीतकार मदन कार्की याने ‘किलिकी’ भाषा रचली. ह्या भाषा प्रायः ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या प्रसंगांसाठी निर्माण झाल्या. टॉल्किनचे काम सु. साठ वर्षे चालले आणि अपुरेच राहिले. क्वेन्यात सहज संभाषण करण्याइतकी सामग्री त्यामुळे उपलब्ध नाही. परंतु तिच्या एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती मात्र जिवंत भाषेतील शब्दाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या मागे शोधता येते.