गीता वर्गात येऊ द्या, टीकाकारांसह

शाळेत हिंदू धर्म हा अभ्यासविषय असावा का, असा प्रश्न निघाला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस तो बहुधा एका वाक्यात निकालात काढतो : आपले राज्य धर्मनिरपेक्ष आहे, घटनेला हे चालत नाही. हे मत इतके रूढ झाले आहे की त्याचा आधार तपासण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

आधी घटनाच पाहू. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत त्याची सक्ती करता येणार नाही, असे कलम 28 सांगते. यातल्या धार्मिक शिक्षणात काय मोडते, याचा खुलासा घटना समितीतच झाला होता. डिसेंबर 1948 मधल्या चर्चेत संस्कृत पाठशाळांचे काय होणार, अशी शंका निघाली. एखाद्या धर्माची तत्त्वे श्रद्धेने मान्य करायला लावणे वेगळे आणि त्या धर्माचा अभ्यास वा संशोधन वेगळे, असे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. पुढे 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद ग्राह्य धरला. शालेय शिक्षणात सर्व धर्मांची मूलभूत ओळख असावी, अशी शिफारस त्याआधी 1999 मध्ये एका संसदीय समितीने केली होती. तिचे अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. तेव्हा घटनेची आडकाठी अभ्यासाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कोणता हिंदू धर्म शिकवणार? एक प्रेषित नाही, एक ग्रंथ नाही. शंकराचार्य अद्वैत सांगतात, मध्वाचार्य द्वैत. पंढरीची वारी, जेजुरीचा भंडारा आणि घरचे कुलाचार यांची मोट एका पुस्तकात बांधायची कशी? पण ही बहुविधता हाच तर अभ्यासक्रम. ती मांडायची कशी, याचा वस्तुपाठही परंपरेतच आहे. माधवाचार्यांचा चौदाव्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकापासून सुरू होतो. ग्रंथकार स्वतः वेदान्ती. तरीही वेद आणि परलोक नाकारणाऱ्याला त्यांनी पहिले पान दिले. प्रतिपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करायचे नाही, ही शिस्त पाठ्यपुस्तकालाही लावता येते.

तिसरा आक्षेप शिक्षकाचा. वर्गाचे कीर्तन होईल, शिक्षक प्रचार करील, अशी भीती घातली जाते. ती निराधार नाही, पण असाध्यही नाही. इंग्लंडमध्ये 1944 च्या कायद्याने धर्मशिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा त्याचा अर्थ व्यवहारात ख्रिस्ती धर्माचे शिक्षण असाच होता. 1975 मध्ये बर्मिंगहॅमच्या अभ्यासक्रमाने इतर धर्मांनाही जागा दिली. आज तिथल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत दोन धर्म अभ्यासावे लागतात आणि हिंदू धर्म त्यांपैकी एक असू शकतो. विद्यार्थी हिंदू असण्याची अट नाही. गुण मिळतात ते माहितीला आणि दोन्ही बाजू तोलून काढलेल्या निष्कर्षाला. परीक्षकाला विद्यार्थ्याच्या भक्तीशी कर्तव्य नसते. प्रश्नपत्रिका अशी असली की शिक्षकाच्या प्रचाराला आपोआप आळा बसतो.

इथवर वाचून विषयाचे समर्थक सुखावले असतील, तर त्यांनी जरा थांबावे. गुजरात सरकारने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या वर्गांत गीता आणण्याची घोषणा केली. त्या घोषणेत श्लोकपठण आणि स्पर्धांवर भर होता. पाठांतराला विरोध नाही; पण तेवढ्याने गीतेचा अभ्यास होत नाही. अभ्यास म्हणजे काय, हे मराठी माणसाला तरी बाहेरून शिकायला नको. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेतून भक्तीचा आणि अद्वैताचा अर्थ काढला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी संन्यासपर अर्थ नाकारून कर्मयोग मांडला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी तीच गीता साम्ययोगाच्या वाटेने समजावली. आणि आंबेडकरांनी, त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनात, गीतेला बौद्ध क्रांतीविरुद्धच्या प्रतिक्रांतीचे तात्त्विक समर्थन ठरवले. हे चौघे एका धड्यात शेजारी शेजारी बसले, तर तो अभ्यास. चौथा वगळला, तर तो प्रचार.

ग्रंथांच्या इतिहासाचेही तेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून 1966 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा तिच्या मूळ संहितेत नाही. ती प्रक्षिप्त ठरून परिशिष्टात गेली. नववीतल्या मुलाला हे सांगितले की तो विचारणार : मग ही गोष्ट कोणी घातली आणि का? ज्यांना हा प्रश्न नको आहे, त्यांना विषय नको आहे. त्यांना फक्त तासिका हवी आहे. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली, हेही याच विषयाच्या पुस्तकात यावे लागेल, आणि मनुस्मृतीत असे काय होते, तेही.

एवढे करूनही विषय नाकारायचाच ठरवले, तर मुले धर्माविना वाढणार नाहीत. मोबाइलवर येणारे निनावी मजकूर, राजकीय भाषणे आणि मालिका त्यांना हिंदू धर्म शिकवतच आहेत. तिथे ना पूर्वपक्ष असतो, ना पुरावा. धर्मनिरपेक्षतेच्या नावाने शाळेने अंग काढून घेतले, त्याचा लाभ विवेकाला झालेला नाही.

म्हणून निर्णय असा : हिंदू धर्म शाळेत जरूर शिकवावा, इतर धर्मांच्या बरोबरीने आणि त्याच कसोटीवर. प्रार्थना, सक्ती आणि पठणाच्या स्पर्धा त्या तासाबाहेर ठेवाव्यात. अभ्यासमंडळावर श्रद्धावान असावेत, तसे टीकाकारही असावेत. ही अट मान्य नसलेल्या समर्थकांनी अभ्यासाचे नाव घेऊ नये, आणि ती मान्य होत असेल, तर विरोधकांनीही घटनेची आड घेऊ नये.