एसी १२८ नसला तर

बी. मेरवानचा मावा केक आमच्या अण्णांच्या नशिबात फारसा नव्हता. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या त्या इराण्याकडे केक सकाळच्या गिऱ्हाइकांतच संपायचा आणि लॅमिंग्टन रोडवरची रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं उघडायची दहा-साडेदहाला. अण्णा निघायचे ते दुकानांच्या हिशेबाने. मग ब्रून मस्का आणि चहा. बंडीच्या खिशात बसच्या तिकिटामागे लिहिलेली यादी. ती ते चहा पिताना तीनदा काढून बघत, जणू कोणी मधल्या मधे खोडाखोड करून गेलं असावं.

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड. रेडिओ करायचा नाद त्यांना कुठून लागला याची घरात एक कथा होती आणि ती दर गणपतीत थोडी वाढायची. बेचाळीसच्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर पहिल्यांदा आवाज आला आणि मग पोलिसांना चकवत ही मंडळी जागा बदलत राहिली. शेवटचं ठिकाण गिरगाव बॅक रोडची पारेखवाडी, म्हणजे आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. १२ नोव्हेंबरला तिथे धाड पडली. अण्णा तेव्हा असतील बारा वर्षांचे. पोलिसांची लॉरी आपण डोळ्यांनी पाहिली, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आजी आतून ओरडायची, “काही नाही हो, शाळा बंद म्हणून तेव्हा हे चिपळूणला मामाकडे होते, सासूबाईंनीच सांगितलंय मला.” खरं कोणाचं, देव जाणे. पण त्या रेडिओला यंत्रसामग्री पुरवली म्हणून शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांनाही अटक झाली, हे अण्णा न चुकता सांगत. नेहरूंच्या भाषणाचा जुना फोटो दिसला की आधी माइकवरची ‘शिकागो’ ही पाटी शोधत आणि मग नेहरूंकडे बघत.

युद्ध संपल्यावर लष्कराचा डिस्पोजलचा माल चोरबाजारात आला. त्यातून एक जड हेडफोन अण्णांनी आणला आणि त्यावर क्रिस्टल सेट जुळवला. त्याला ना सेल, ना वीज. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गॅलरीतल्या वाळवणाच्या तारेला जोडलेली एरियल आणि मोरीतल्या नळाला बांधलेली अर्थची वायर. पाणी भरायला आलेल्या बायका त्या वायरीत अडकून अण्णांचा उद्धार करत. घरी केलेल्या सेटलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे (ही पद्धत ऐंशीच्या दशकात गेली). अण्णांनी ते बरीच वर्षं काढलंच नव्हतं म्हणतात. जिन्यावर अनोळखी पावलं वाजली की आजी सेटवर बाळाचं दुपटं टाकायची.

पुढे १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. मंत्री आपले मराठीच, शास्त्रीय संगीतावर प्रेम करणारे, त्यांचा हेतू वाईट नसेल. पण झालं असं की अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला. सिलोन लागायचं शॉर्टवेव्हवर आणि अण्णांच्या सेटला शॉर्टवेव्ह नव्हती. तेव्हा नवी कॉइल आली, गँग कंडेन्सर आला, व्हॉल्व्ह आले. केसकरसाहेबांमुळे लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांची किती घरं चालली याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तोवर आमच्या चाळीत बुधवारी आठ वाजता कोणी कुकर लावत नसे, शिट्टीने गाणं बुडतं म्हणून. कुकर तेव्हा चाळीत होते का, असं आता मनात येतं. पण मामा असंच सांगतो.

मामापर्यंत व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ते बनवू लागली आणि हा छंद कॉलेजातल्या पोराच्या खिशाला परवडू लागला. १९६९ पासून दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ निघू लागलं. त्याचा एक अंक चार मित्रांत फिरून येईपर्यंत त्याला डाळीचे डाग पडलेले असत. मामा मला बोट धरून लॅमिंग्टन रोडला न्यायचा. मिनर्व्हाला ‘शोले’ लागलेला, ब्लॅकवाल्यांची गर्दी आणि त्या गर्दीतून आम्ही एका गाळ्यात शिरायचो, जिथे दोन माणसं आडवी उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. काउंटरच्या मागे छतापर्यंत छोटे छोटे खण. दुकानातली एकुलती एक मुलगी मी. शेठ मला बघून दर वेळी मामाला विचारायचे, “बेबीला काय पाहिजे?” बेबीला कळत सगळं होतं, विचारत कोणी नव्हतं.

कळत होतं ते मिसळणाच्या डब्यामुळे. आजीचा पितळी डबा, कल्हई गेल्यामुळे स्वयंपाकघरातून बाद झालेला. त्याच्या सात वाट्यांत मोहरी-हळदीच्या जागी रेझिस्टर. मधल्या वाटीला हिंगाचा वास शेवटपर्यंत राहिला. रेझिस्टरवर आकडा नसतो, रंगांचे पट्टे असतात आणि ते पाठ करायला मामाने मला पाढा दिला होता: का-ता-ला-ना-पि-हि-नि-जां-क-पां. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, असं करत पांढरा नऊ. पिवळा, जांभळा, नारिंगी दिसला की सत्तेचाळीस हजार ओहम, चौथ्या वाटीत. दुपारी आजी गहू निवडायची आणि तिच्याशेजारी मी हे निवडायचे. सोल्डरिंगच्या धुराचा तिला मात्र भयंकर राग. मामा स्वयंपाकघरात डाग द्यायला बसला की ती म्हणायची, “मेल्या, आमटीत शिसं घालशील.” आणि त्या सोल्डरमध्ये शिसं असायचंच, त्यामुळे तिचं फार चुकत नव्हतं.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात ती दुकानं गेली ऑनलाइनमुळे. मला ते अर्धंच पटतं. ती दुकानं टंचाईच्या पोटी जन्मली होती. आयात बंद, माल तुटपुंजा, यादीतलं निम्मं मिळणार नाही हे ठरलेलं. शेठची खरी विद्या होती ती ‘हे नाही, पण हे चालेल’ सांगण्याची. मामाने एसी १२८ हा ट्रान्झिस्टर मागितला की शेठ मान हलवायचे, खणातून एसी १८८ काढायचे, काट्याच्या मीटरवर समोर तपासायचे आणि म्हणायचे, “बिनधास्त लाव. पाय तेवढे बघून लाव.” ही माहिती कुठल्या पुस्तकात असेलही, पण शेठच्या डोक्यात होती आणि फुकट मिळायची. वर “बनवतोयस काय?” अशी चौकशी व्हायची, त्यातून सर्किटमधली चूक दुकानातच निघायची. फार गोड चित्र रंगवत नाही. एका दुकानाने मामाला जुना नंबर खरवडून नवा छापलेले ट्रान्झिस्टर विकले होते. पूर्ण महिना त्याचा अॅम्प्लिफायर नुसता गुरगुरत होता.

मग टंचाई संपली. १९९१ नंतर माल मोकळा आला. तयार रेडिओ इतका स्वस्त झाला की घरी जुळवलेला महाग पडू लागला. पुढे पार्ट इतके बारीक झाले की चष्मा लावूनही डाग देता येईना. आधी रेडिओवाले गेले, मग टीव्ही दुरुस्तीवाले. खणांच्या जागी मोबाइलची कव्हरं आणि सीसीटीव्हीचे कॅमेरे आले. कुरियरचा खोका आला तो या सगळ्याच्या शेवटी. पुण्यात तपकीर गल्लीचंही थोडंफार हेच.

माझा भाचा आता रोबू डॉट इनवरून माल मागवतो. ती कंपनी पुण्याचीच आहे आणि २०२३ मध्ये शेअर बाजारातही उतरली, हे ऐकून मामाला उगीचच बरं वाटलं. भाचा नंबर टाकतो, तोच नंबर घरी येतो, खरवडलेला नाही. पर्याय शोधायची वेळच त्याच्यावर फारशी येत नाही. आणि सावंतवाडीतली एखादी पोरगी रात्रभर एसटीत न बसता, कोणी ‘बेबीला काय पाहिजे’ न विचारता हवं ते मागवू शकते. मला ते आवडतं. तिचा हेवाच वाटतो थोडा.

मध्यंतरी मामाच्या जुन्या सेटसाठी एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर हवा होता म्हणून मी मुद्दाम लॅमिंग्टन रोडला गेले. रस्त्याचं नाव आता डॉ. भडकमकर मार्ग. बसवर लिहितात ते हे, बोलण्यात मात्र अजून तोच लॉर्ड लॅमिंग्टन. शेठचा नातू गल्ल्यावर होता. त्याने जुन्या डब्यातून शोधून दिला आणि आजोबांसारखंच मीटरला लावून दाखवला. मीटर डिजिटल, एवढाच फरक. त्याचा फोन सारखा वाजत होता. नांदेड, धारवाड, कुठून कुठून लोक जळालेल्या पार्टचे फोटो पाठवतात म्हणाला, ‘याला काय चालेल?’ विचारतात. हा बिचारा आजोबांच्या वहीतून शोधून उत्तर देतो आणि ते लोक माल मागवतात ऑनलाइन.

“मग सांगता कशाला?” मी विचारलं.

“सवय आहे आमच्या घराण्याला,” तो म्हणाला. “पण आता शहाणा झालोय, ताई. आधी कुरियरचा पत्ता मागतो, मग नंबर सांगतो.”