जीपवाल्यांच्या संघाची कुळकथा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, जेथील फौंड्र्यांतून ओतलेले लोखंड ट्रॅक्टरांच्या व मोटारींच्या सुट्या भागांचे रूप घेऊन बाहेर पडते, तेथे महिंद्रा हे नाव कोणास अपरिचित असण्याचा संभव नाही. परंतु त्याच नावाचा एक फुटबॉल संघ एके काळी देशाचा विजेता होता, हे आमच्या फुटबॉलवेड्या कोल्हापुरातही तरुणांना आता मुद्दाम सांगावे लागते.

1945 साली महिंद्रा अँड मोहम्मद म्हणून निघालेली ही पेढी, भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाल्यावर, 1948 साली आजच्या नावाने नांदू लागली आणि विलिस जीपगाड्यांच्या जुळणीवर तिचा जम बसला. 1962 साली तिने मुंबईत संघ उभारला. कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, पुढे ऑर्के मिल अशा कंपन्यांच्या आश्रयावर मुंबईचा फुटबॉल पोसला गेला. खेळाडूस नोकरीची शाश्वती, कंपनीस कीर्ती, असा तो उभयपक्षी सोयीचा करार होता. या कुळात महिंद्राने सर्वांवर ताण केली. 1998 साली ईस्ट बंगालला नमवून ड्युरँड चषक जिंकल्यावर लवकरच हा संघ महिंद्रा युनायटेड या नावाने पूर्ण व्यावसायिक झाला, आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली, जोसे बारेटोसारखे परदेशी मोहरे बाळगून, त्याने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. वृत्तपत्रे त्यास 'जीपमेन' म्हणत.

स्पेनमधील सालामांका हा 1923 चा संघ 2013 साली कर्जाच्या डोंगराखाली गाडला गेला, ते दुःख समजण्यासारखे आहे. महिंद्राचा खजिना मात्र भरलेला असताना, शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे कारण देऊन, 2010 साली संघ बरखास्त झाला. कारण उदात्त असेल, पण एका फर्मानासरशी अठ्ठेचाळीस वर्षांचे दफ्तर बंद झाले आणि हरकतीचा अर्ज करण्याचा अधिकार मुंबईच्या कूपरेज मैदानावरील एकाही प्रेक्षकास नव्हता.

याउलट पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे आमचे कोल्हापूरचे संघ तालमींच्या पोटी जन्मले. त्यांची धुसफूस, शाहू स्टेडियमवरील हाणामाऱ्या, हिशेबाचा गोंधळ यांचे समर्थन मी करणार नाही. तथापि त्यांस बरखास्त करावयाचे झाले तर अख्ख्या पेठेची संमती लागेल, आणि ती मिळणार नाही. शिरोलीच्या कारखानदारांनी संघास आश्रय अवश्य द्यावा, मात्र मालकी पेठेकडेच राहू द्यावी.