मुक्यांचे मुखत्यार

पशूंच्या तोंडीं मनुष्याची भाषा घालण्याची हौस आपणांस नवी नाहीं. पंचतंत्रांतले करटक आणि दमनक राजनीतीवर इतकें बोलतात कीं, ते कोल्हे आहेत याचाच विसर पडतो. परंतु तेथें कोल्हा डोळ्यांपुढें नसतो. चित्रपटांतला पशु खरा असतो. तो तोंड हलवितो तें घास चघळण्यासाठीं. त्या हालचालीवर कोणी शब्द बसविले कीं घरांतलीं लहानथोर सारीं हंसूं लागतात. इंग्लंडांत दूरचित्रवाणीवर हा विनोद कसा रुजला, कसा मागें पडला व पुन्हां कसा परतला, ती हकीकत, श्रोतेहो, आज सांगावयाची आहे.

या विद्येचे आचार्य जॉनी मॉरिस. जन्म १९१६ सालचा, वेल्समधील न्यूपोर्टचा. विल्टशायर परगण्यांत ते एका शेतवाडीचे कारभारी होते. मद्यगृहांत रंगलेल्या त्यांच्या गोष्टी बी. बी. सी. च्या डेस्मंड हॉकिन्स यांच्या कानीं पडल्या आणि कारभारी नभोवाणीवर आले. १९६२ मध्यें त्यांचा ‘अॅनिमल मॅजिक’ हा कार्यक्रम सुरू झाला. ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयांत रक्षकाचा गणवेष चढवून ते पिंजऱ्यांतून हिंडत, जनावरांना खाऊं घालीत. मग तीं दृश्यें पाहत पाहत आपलें आणि जनावरांचें, दोघांचेंहि संभाषण एकटेच म्हणत. डॉटी नांवाची वलयांकित शेपटीची लीमर तर घरोघर ओळखीची झाली. मॉरिस खरे रक्षक नव्हते, वेषधारी होते. पण तें कोणाच्या मनांतहि येत नसे.

एकवीस वर्षें हें चाललें आणि १९८३ मध्यें थांबलें. मध्यंतरीं पशूंच्या वर्तनाचें शास्त्र पुढें गेलें होतें. १९७९ मध्यें डेव्हिड अॅटनबरो यांच्या ‘लाइफ ऑन अर्थ’ने पशु त्यांच्या रानांतच दाखविले, तेथें बोलत तो निवेदक, पशु नव्हे. पशूवर मनुष्यस्वभाव लादणें हा आतां दोष ठरूं लागला. आक्षेप पोकळ नव्हता. चिंपांझीनें दांत विचकले कीं आपण म्हणतों, हंसला. पुष्कळदां तो भ्यालेला असतो.

तरीहि माझ्या मतें खरी अडचण आवाजाची नव्हती, पिंजऱ्याची होती. गजांआडचा प्राणी सुखी आहे कीं दुःखी, हें त्याच्या वतीनें सांगणारा मनुष्य रक्षकाच्याच वेषांत उभा! मुक्याचें वकीलपत्र असें प्रतिपक्षाच्या हातीं गेलें, मग तक्रार कोण मांडणार? मॉरिस यांचें प्राण्यांवर प्रेम होतें, यांत मला शंका नाहीं. परंतु त्यांचा गोड आवाज ऐकतांना पिंजरा दिसेनासा होई.

मॉरिस १९९९ मध्यें वारले. दहा वर्षांनीं, २००९ मध्यें, बी. बी. सी. नेंच ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ ही कौटुंबिक विनोदी मालिका काढली. तींत निसर्गपटांतले तुकडे घेऊन जेसन मॅनफर्डप्रभृति विनोदी नटांनीं पशूंना बोलतें केलें. दोनच हंगाम झाले. पण खारीच्या कुळांतला एक मार्मट मागील पायांवर उभा राहून ‘अॅलन! अॅलन!’ असा टाहो फोडतो, आणि मग हा अॅलन नव्हे, स्टीव्ह आहे, असें त्याच्या ध्यानांत येतें, तें दृश्य लोक विसरले नाहींत. येथें गज नाहींत, कीं रक्षकाचा वेष नाहीं. खरा मार्मट संकटाची चाहूल लागतांच तीक्ष्ण शिट्टी घालतो. तो कोणा अॅलनची चौकशी करीत नसतो, हें पांच वर्षांच्या पोरालाहि कळतें.