कुत्र्या-मांजराचा पाय मोडला? दवाखान्यात नेईपर्यंत हे करा

नाशिक : गाडीची धडक बसली, ट्रॅक्टरखाली पाय सापडला, मांजर पत्र्यावरून पडलं, की घरातलं कोणीतरी लगेच काठी लावून पाय आवळायला बसतं. हेतू चांगला असतो, पण घट्ट पट्टीने रक्तपुरवठा थांबतो आणि वाचणारा पाय कापायची वेळ येऊ शकते.

आधी जीव, मग पाय

श्वास नीट चालत नसेल किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पट्टीत वेळ घालवू नका, लगेच निघा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. हाड बाहेर आलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडाने झाका, आत ढकलू नका.

चाव्यापासून जपा

दुखत असताना घरचं कुत्रंही चावतं. उलटी किंवा धाप नसेल तरच सुती पट्टीने त्याचं तोंड बांधा. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा. चावलंच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठा.

कामटी कुठे बांधायची?

फक्त कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली. मागचा पाय जिथे मागे वळतो ती टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. मांडी किंवा दंड मोडला असेल तर कामटी बांधूच नका. तिच्या वजनाने मोडलेलं हाड जास्त हलतं.

कशी बांधायची?

- पाय आहे तसाच ठेवा, ओढून सरळ करू नका.
- कापूस किंवा मऊ कापडाची जाड घडी गुंडाळा.
- वरून दुमडलेला पुठ्ठा किंवा बांबूची कामटी लावा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे त्यात यायला हवेत.
- पंजाकडून वर पट्टी बांधा, बोटांची टोकं उघडी ठेवा.
- दर १५ मिनिटांनी बघा. बोटं सुजली किंवा गार पडली तर पट्टी सैल करा.

बांधू देत नसेल तर झटापट नको. टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून त्यात ठेवा. मोठ्या कुत्र्याला फळीवरून न्या.

हे टाळा

माणसाच्या वेदनेच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावू शकतं. हळद-चुन्याचा लेप नको. खायला घालू नका, भूल द्यावी लागू शकते.

मदतीसाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. एक्स-रेची सोय आहे का, हे निघण्याआधी विचारा. घरची पट्टी फक्त वाटेपुरती. हाड बसवणं हे डॉक्टरांचंच काम.